रुगर १०/२२ रायफल स्पोर्टर मॅचसाठी तयार करतेय : प्रकल्प नोंदी

२ मार्च २०२५

ओहायोत राहते, क्लीव्हलंडच्या बाजूला. लेक एरीच्या काठावर कॅम्प पेरीला १९०७ पासून नॅशनल मॅचेस होतात, त्यात आता रिमफायर स्पोर्टर म्हणून एक मॅच असते, सिव्हिलियन मार्क्समनशिप प्रोग्रॅमची, सगळे सीएमपी म्हणतात. आमचा क्लब त्याच नियमांनी उन्हाळ्यात छोट्या मॅचेस घेतो. यंदा ती खेळायची, आणि रायफल स्वतः तयार करायची. नोंदी मराठीत ठेवतेय कारण इथे आपल्यातले दोघंतिघं विचारत होते की नक्की काय काय करावं लागतं आणि किती पैसे जातात.

कोल्हापुरात कॉलेजला असताना एनसीसीत डिलक्स रायफल चालवली होती, २५ मीटरवर, झोपून, पाच राउंडचा ग्रुप (टार्गेटवर पाच भोकं किती जवळजवळ पडली ते मोजायचं). अनुभव म्हणजे तेवढाच, मध्ये सगळी वर्षं कोरडी.

नियम आधी वाचून काढले, खरेदी त्यावरच ठरणार म्हणून. पॉइंट टूटू लाँग रायफल काडतूस (छोटं, कडेवर पिन आदळून उडणारं, म्हणून रिमफायर). रायफल स्कोपसकट साडेसात पाउंडाच्या आत. ट्रिगर, म्हणजे चाप, दाबायला कमीत कमी तीन पाउंडाचा जोर लागायला हवा, तीन पाउंडाचं वजन लटकवून बघतात, चाप सुटला तर रायफल बाद. स्कोप सहा पटीपर्यंत. झोपून आणि बसून ५० यार्ड, उभं राहून २५ यार्ड, एकूण ६० गोळ्या, ६०० गुण. रॅपिडला (भरभर मारायच्या फेरीत) पाच गोळ्या २५ सेकंदात, हाताने बोल्ट (गोळी आत ढकलणारा दांडा) ओढणाऱ्या रायफलवाल्यांना ३० सेकंद मिळतात.

५० यार्डावर दहा गुणांचा गोल साधारण पावणेदोन इंचांचा आहे. आपल्या राधानगरीकडचा स्वप्निल कुसाळे पॅरिसला ज्या ५० मीटर प्रकारात ब्राँझ घेऊन आला तिथे काडतूस हेच, पण दहाचा गोल १०.४ मिलीमीटर. आमचा त्याच्या चौपट मोठा. म्हणजे बेंचवर (टेबलावर) टेकवून एक इंचाचा ग्रुप देणारी रायफल झाली की पुढचं माझ्या हातात, त्याच्या खाली जायला पैसे ओतायचे नाहीत असं आजच ठरवून टाकलं.

८ मार्च

रायफल घेतली. बोल्ट ॲक्शन (दर गोळीला हाताने बोल्ट ओढायचा) की सेमी-ऑटो (पुढची गोळी आपोआप भरते) यावर बराच वेळ घालवला. सीझेड ४५७ ही बोल्ट ॲक्शन हातात घेतली होती, बॅरल (नळी) आणि ट्रिगर दोन्ही कारखान्यातूनच इतके चांगले की नोंदी ठेवायला काही उरलं नसतं, आणि अचूकता एवढंच बघायचं असेल तर तीच घ्या. पण रॅपिडला झोपलेल्या पोजिशनमध्ये प्रत्येक गोळीनंतर हात उचलून बोल्ट ओढायचा आणि परत कोपर तिथेच आणून ठेवायचं हे मला जमेना, पाच सेकंद जास्त मिळाले तरी. सेमी-ऑटोमध्ये गाल स्टॉकवरून (दस्त्यावरून) हलत नाही. स्मिथ अँड वेसनची १५-२२ पण बघितली, ती टॅक्टिकल (लष्करी ढंगाच्या रायफलींच्या) क्लासमध्ये जाते, मला साधा लाकडी स्टॉक हवा होता.

शेवटी वापरलेली रुगर १०/२२, लाकडी स्टॉकची, २२० डॉलर. हे मॉडेल १९६४ पासून निघतंय त्यामुळे सुटे भाग कुठेही मिळतात. बॅरल साडेअठरा इंच, रायफलिंग (नळीतल्या पीळदार खाचा) १६ इंचांत एक वेढा, दहा गोळ्यांचं गोल फिरणारं मॅगझिन. आणि मुख्य म्हणजे बॅरल रिसीव्हरला (रायफलीच्या मधल्या धातूच्या खोक्याला) आट्यांनी बसवलेलं नसून खालून एका व्ही-ब्लॉकने दोन स्क्रूंवर आवळलेलं असतं, म्हणजे घरी अॅलन कीने निघतं.

कागदपत्रांचं, कारण हेच पहिलं विचारतात. दुकानात ४४७३ नंबरचा फॉर्म भरायचा, तिथल्या तिथे बॅकग्राउंड चेक होतो. ग्रीन कार्डवर घेता येते, कार्डावरचा नंबर फॉर्मवर लिहावा लागतो. एच-वन किंवा दुसऱ्या नॉन-इमिग्रंट व्हिसावर असाल तर केंद्रीय कायद्याने बंदूक घेता येत नाही आणि जवळही ठेवता येत नाही, हंटिंग लायसन्ससारखे मोजके अपवाद सोडून. "मित्राची आहे, माझ्याकडे नुसती ठेवली" हेही त्यातच येतं. व्हिसावर असाल तर आधी वकिलाला विचारा, मग दुकानात जा.

१६ मार्च

काहीही न बदलता आज नुसत्या गोळ्या तपासल्या. बेंचवर सँडबॅग, ५० यार्ड, पाच-पाचचे ग्रुप, घरी पडून असलेला ३-९चा (तीन ते नऊ पट) जुना स्कोप चढवून. थंडी पाच डिग्री, वारा कमी.

बल्कवाल्या स्वस्त डब्यातल्या ३६ ग्रेन (गोळीचं वजन) होलो पॉइंटने (टोकाला पोकळ गोळी) अडीच ते तीन इंच दिले. सीसीआय कंपनीच्या मिनी-मॅगने पावणेदोनच्या आसपास. सीसीआय स्टँडर्ड व्हेलॉसिटीने दीड. एसके कंपनीच्या स्टँडर्ड प्लसने सव्वा. एक पैशाचा भाग न बदलता ग्रुप निम्म्यावर.

मिनी-मॅग निघते सेकंदाला १२३५ फुटांनी, आवाजाचा वेग २० डिग्रीला ११२५ च्या आसपास, म्हणजे टार्गेटकडे जाताना वेग उतरतो आणि गोळी आवाजाच्या वेगातून खाली येताना डगमगते. सीसीआय स्टँडर्ड आणि एसके १०७० च्या आसपासच निघतात, तो प्रश्नच येत नाही.

गोळी बदलली की पहिले दहा-पंधरा राउंड मोजू नका. प्रत्येक कंपनीचं गोळीवरचं मेण वेगळं असतं, आधीच्याचा थर बॅरलमध्ये बसलेला असतो, तो जाऊन नवा बसेपर्यंत गोळ्या कुठेही जातात. एसकेचा पहिला ग्रुप बघून मी डबा परत पिशवीत टाकत होते, शेजारच्या बेंचवरचे आजोबा म्हणाले अजून एक डबी मार आणि मग ठरव. ते बरोबर निघाले.

एसके ५० ला आठ-नऊ डॉलर, सीसीआय पाचच्या आसपास. सरावाला सीसीआय, मॅचला एसके.

२३ मार्च

आजचा दिवस वाया. ग्रुप दोन ठिकाणी पडतोय, तीन गोळ्या एकत्र, दोन गोळ्या इंचभर उजवीकडे एकत्र. दोन वेगळ्या रायफलींनी मारल्यासारखं. आधी वाटलं वारा, मग वाटलं मीच, मग गोळ्या बदलल्या, मग पॅरॅलॅक्सवर संशय गेला कारण तो जुना स्कोप मोठ्या काडतुसांसाठीचा, १०० यार्डाला लावलेला, ५० ला डोकं जरा हललं की क्रॉसहेअर (स्कोपमधली निशाणाची फुली) टार्गेटवर सरकते. तेही खरंच होतं पण त्याने गोळ्या फाकतात, दोन नीट गठ्ठे होत नाहीत.

घरी आल्यावर स्कोप धरून हलवला तर बेस हलला. रिसीव्हरवर चार बारीक स्क्रूंनी बेस बसतो, त्यातले दोन बोटाने फिरले. आधीच्या मालकाने तेल पुसलंच नव्हतं. आटे आणि स्क्रू अल्कोहोलने पुसले, निळं लॉकटाइट, म्हणजे आटे धरून ठेवणारा गोंद, लावलं (लाल नको, ते नंतर तापवल्याशिवाय सुटत नाही), आणि आवळायचा जोर इंच-पाउंडात दाखवणाऱ्या टॉर्क ड्रायव्हरने १५ वर आवळले. रिसीव्हर ॲल्युमिनियमचा आहे, जोर लावलात तर आटेच निघून येतील. व्ही-ब्लॉकचे स्क्रूही बघून घेतले, ते ठीक होते.

टॉर्क ड्रायव्हर ६० डॉलर. यादीतलं दुसरं काही पुढे ढकललं तरी चालेल, हा पहिल्या दिवशी घ्या. रिमफायरचा २-७ स्कोपही मागवला, ५० यार्डाला पॅरॅलॅक्स लावलेला, १६०. मॅचला तो सहावर ठेवून वर चिकटपट्टी लावायची.

३० मार्च

पाडवा. सकाळी गुढी, दुपारी ट्रिगर.

मूळ चाप मोजला, सहा पाउंडाच्या जवळ, आणि मध्ये एक खरखर. रायफल पाच पाउंडाची आणि चाप सहाचा, म्हणजे दाबताना रायफलच सरकते. आख्खं तयार ट्रिगर युनिट मिळतं, दोन पिना काढल्या की जुनं निघतं आणि नवं बसतं. ८० डॉलरला घेतलं. बसवलं, मोजलं, दोन पाउंड बारा औंस. अप्रतिम चाप, आणि मॅचला बाद. पाकिटावर वजन छापलेलं होतं. आता ते बेंचवर गोळ्या तपासायला वापरते.

मग ४० डॉलरचा टार्गेट हॅमर (चाप दाबला की फायरिंग पिनवर आदळतो तो भाग) घेतला, जुन्याच युनिटमध्ये बसवायचा. हॅमरची नॉच (अडकायची खाच) नीट कापलेली असते, खरखर जाते. सोबत हलकं स्प्रिंग येतं, ते लावलं तर परत अडीचच्या घरात, म्हणून जुनंच स्प्रिंग ठेवलं. तीन पाउंड चार औंस आलं. चार औंसांची सवलत ठेवा, वापरून वापरून चाप थोडा हलका होतो आणि मॅचचं वजन तुमच्या घरच्या मीटरशी वाद घालत बसत नाही.

पहिल्यांदा उघडणाऱ्यांसाठी. रायफल रिकामी आहे हे डोळ्यांनी आणि बोटाने दोन्ही बघा, गोळ्या दुसऱ्या खोलीत. स्टॉकमधून बाहेर काढताना सेफ्टी अर्ध्यावर, बरोबर मध्ये ठेवावी लागते, नाहीतर तिचं बटण लाकडाला अडतं आणि ताकद लावलीत तर स्टॉकला टवका. ट्रिगर युनिट निघालं की बोल्ट थांबवणारी एक जाड पिन आपोआप खाली पडते, ती सोफ्याखाली जाते. तिच्या जागी पॉलियुरेथेनची पिन बसवली, पाच-सात डॉलरची, बोल्ट मागे आदळल्याचा टणक आवाज गेला. ग्रुपवर काही फरक दिसला नाही.

आणि एक, सिअर (हॅमर अडवून धरणारा भाग) किंवा हॅमर स्वतः कानशीने घासू नका. व्हिडिओत सोपं दिसतं. सेमी-ऑटोमध्ये तो कोन बिघडला तर एका दाबात दोन गोळ्या सुटू शकतात, ते धोक्याचंही आहे आणि कायद्याच्या बाजूनेही तुम्ही भलत्याच जागी जाता. भाग बदलल्यावर रिकाम्या रायफलवर सेफ्टी तपासा, चाप दाबून धरून बोल्ट ओढा आणि सोडा, हॅमर पडता कामा नये, चाप सोडल्यावर क्लिक व्हायला हवं. मग रेंजवर पहिल्यांदा मॅगझिनमध्ये दोनच गोळ्या. मी तसंच केलं, सगळं ठीक.

५ एप्रिल

नवा स्कोप, नवा चाप, एसके. ग्रुप एक इंचाच्या जरा वर. पण पाचातली एक गोळी सारखी बाहेर, कधी वर कधी डावीकडे.

कापसाची कान साफ करायची काडी घेतली, बॅरलच्या तोंडात घालून कडेवरून बाहेर ओढली. एका जागी कापसाचा धागा अडकला. तिथे बारीक खड्डा, बहुतेक कोणीतरी लोखंडी रॉड तोंडाकडून घालून साफ करायचं. १०/२२ ला हा त्रास आहेच, रिसीव्हर मागून बंद, रॉड मागून जातच नाही. गोळी सुटताना गॅस सगळीकडून सारखा बाहेर पडायला हवा, कडेला एक खाच असली की तिथून आधी निघतो आणि गोळीला ढकलतो.

गनस्मिथकडे क्राउन (बॅरलच्या तोंडाची कड) परत कापून घेतला, ६५ डॉलर, दोन आठवडे. दोरीचा बोअरस्नेक आणला, तो मागून ओढता येतो. आणि साफ करायचं वेडही कमी केलं, टूटूचं बॅरल फार साफ केलं तर परत मेणाचा थर बसेपर्यंत गोळ्या वाया जातात. चेंबर (गोळी बसते ती जागा) आणि बोल्टचं तोंड मात्र प्रत्येक वेळी.

१९ एप्रिल

क्राउन करून आली. बाहेर जाणारी पाचवी गोळी बंद. पाऊण ते एक इंच, बेंचवर.

मग स्टॉकच्या पुढच्या टोकाला बॅरल धरून ठेवणारा पट्टा काढला, सगळे काढायलाच सांगतात. बॅरलच्या खालून डॉलरची नोट सरकवून बघितली, डावीकडे अडली, तिथे सँडपेपर मारला. बॅरल पूर्ण मोकळं. ग्रुप मोठा झाला. उभा ताणला, सव्वा इंच उंच आणि अर्धा इंच रुंद.

कारण समजून घेतलं. या रायफलीत रिसीव्हर स्टॉकला एकाच स्क्रूने धरलेला, तोही पुढच्या टोकाला, आणि बॅरल त्याच्याही पुढे लोंबतंय. मोकळं सोडलं की प्रत्येक गोळीला मागचा भाग किंचित वेगळा बसतो. म्हणून काहीजण पुढच्या टोकाला आधार देतात. व्हिजिटिंग कार्डाच्या पट्ट्या कापून बॅरलखाली टोकापासून दोन इंचांवर घातल्या, एक, दोन, तीन. दोन पट्ट्यांवर ग्रुप गोल झाला, पाऊण इंच. तीनवर परत बिघडला. मेन स्क्रूही १२ पासून २० इंच-पाउंडपर्यंत बदलून बघितला, १५ ला सगळ्यात बरं.

खूश होऊन घरी. कार्डाच्या जागी फायबरचा तुकडा चिकटवून टाकला.

३ मे

बेंच सोडून पहिल्यांदा झोपून, दंडाला स्लिंग (रायफलीचा पट्टा) बांधून.

गोळ्या दीड इंच खाली आणि डावीकडे. ग्रुप ठीकठाक आहे पण जागाच दुसरी. स्लिंग ढिला केला की वर, आवळला की खाली. बसून तिसरीकडेच.

स्लिंग स्टॉकच्या पुढच्या कडीला अडकतो आणि माझ्या हाताचा सगळा ताण तिथे येतो. लाकूड थोडं खाली वाकतं, म्हणजे आधाराचा तुकडाही बॅरलपासून खाली जातो, दाब बदलतो, गोळी सरकते. बेंचवर स्लिंग नव्हताच, त्यामुळे मला हे दिसलंच नाही. एप्रिलभर जे कार्ड घालून मोजत बसले ते मॅचच्या कामाचं नव्हतं. तुम्ही करताना पहिल्यापासून निदान दर दुसरा ग्रुप स्लिंग लावून मारा, बेंचवरचा आकडा कितीही गोड असला तरी.

भावाला व्हिडिओ कॉलवर टार्गेट दाखवलं. म्हणाला, "ताई, एनसीसीत तुझा ग्रुप ह्याच्यापेक्षा बरा यायचा." २५ मीटर होतं रे ते, सांगितलं, ऐकलं नाही.

१० मे

आधाराचा तुकडा खरवडून काढला. आता रिसीव्हरच नीट बसवायचा, बेडिंग. म्हणजे स्टॉकच्या खाचेत इपॉक्सी घालून रिसीव्हरच्या आकाराचा साचा करायचा, की तो प्रत्येक वेळी त्याच जागी बसेल. आणि व्ही-ब्लॉकच्या पुढे बॅरलचा पहिला इंचभर भागही इपॉक्सीवर टेकवायचा, म्हणजे बॅरलचं वजन तिथे पेललं जाईल आणि पुढचं सगळं मोकळं. स्लिंगने लाकूड वाकलं तरी बॅरलला शिवणार नाही.

स्टील मिसळलेली दोन भागांची इपॉक्सी, वीस डॉलर. इपॉक्सी चिकटू नये म्हणून धातूवर बुटाचं पॉलिश, दोन थर, चकाकेपर्यंत. स्टॉकच्या आतलं लाकूड अंगठ्याच्या नखाएवढं खोल कोरलं, वार्निश गेलं पाहिजे नाहीतर इपॉक्सी लाकडाला धरत नाही. बोल्ट आणि ट्रिगर युनिट बाहेर. भोकं मुलीच्या खेळायच्या मातीने बुजवली. बाहेरून मास्किंग टेप. रिसीव्हर बसवून रबरी नळीने गुंडाळला, स्क्रू नुसता हाताने टेकवला, आवळायचा नाही कारण आवळला तर ताणासकट साचा होतो.

१२ मे

काल चोवीस तास झाले. निघेना.

व्ही-ब्लॉकच्या दोन स्क्रूंच्या खोबणीत माती भरायची राहिली होती. इपॉक्सी तिथे शिरून घट्ट झाली. रबरी हातोडी, हेअर ड्रायर, काही नाही. क्लबातल्या एकाने फोनवर सांगितलं फ्रीझरमध्ये ठेव, धातू आकसतो, लाकूड तेवढं आकसत नाही. तर रायफल रात्रभर फ्रीझरमध्ये, एका बाजूला खवलेला नारळ, दुसऱ्या बाजूला मेथी. नवरा सकाळी बर्फ काढायला गेला आणि काही न बोलता दार लावून आला.

सकाळी सात वाजता स्टॉक उलटा धरून हातोडीचा एक ठोका, टक करून सुटली. खोबणीतला तुकडा तुटून स्क्रूवर राहिला, तो दाभणाने उकरून काढायला दुपार गेली. साचा मात्र सुंदर आलाय, रिसीव्हरवरच्या कारखान्याच्या रेघासुद्धा उठल्यात.

धातू ताबडतोब पुसून तेल लावा, फ्रीझरमधून बाहेर येताच दव धरतं.

२५ मे

बेंचवर पाऊण ते नऊ-दशांश इंच. कार्डाच्या पट्ट्यांच्या दिवसापेक्षा चांगलं नाही, थोडं वाईटच म्हणा. पण स्लिंग लावून झोपल्यावर गोळ्या त्याच जागी पडतात, बसूनही अर्ध्या इंचाच्या आत. मला हेच हवं होतं.

२५ यार्डावरही बघितलं. ५० ला झीरो केलेली (नेम जुळवलेली) स्टँडर्ड व्हेलॉसिटी गोळी २५ ला जवळजवळ तिथेच पडते, केसभर वर. स्कोपचा टरेट (नेम जुळवायची चकती) फिरवायची गरज नाही.

वजन, स्कोपसकट सहा पाउंडांच्या वर थोडं. साडेसातला भरपूर जागा आहे म्हणून दोन दिवस जाड बॅरलचा मोह झाला. ०.९२० इंचाचं बुल बॅरल बघत होते. त्याला स्टॉकची खाच वाढवावी लागते, म्हणजे बेडिंग परत, आणि स्टीलचं घेतलं तर वजनाची मर्यादा ओलांडायची भीती. मग बारीक होत जाणारं हलकं मॅच बॅरल, बेंट्झ चेंबरचं, दोनशेच्या वर. हा चेंबर सेमी-ऑटोसाठी चांगला असतो, साध्या चेंबरपेक्षा घट्ट पण मॅच चेंबरइतका नाही, न उडालेली गोळीही अडकल्याशिवाय बाहेर येते. पैसे हातात होते. पण झोपून मारलेला माझा ग्रुप दीड इंचाचा आणि रायफल पाऊण इंचाची, तर नवं बॅरल कोणाची चूक सुधारणार? दोनशेच्या एसके घेतल्या, डब्यावरचा लॉट नंबर बघून सगळ्या एकाच लॉटच्या. लॉट बदलला की गोळी तीच असूनही ग्रुप बदलतो, निदान माझ्या रायफलीत तरी.

८ जून

रॅपिडचा सराव. पाच गोळ्या, २५ सेकंद. तिसऱ्या-चौथ्या गोळीला अडकतंय, पुंगळी अर्धी बाहेर आणि बोल्ट तिच्यावर बसलेला.

आधी दोष स्प्रिंगला दिला. स्टँडर्ड गोळी कमी ताकदीची, बोल्ट पूर्ण मागे जात नसेल असं. पण बल्कवालीही अडकली. मग चेंबरमध्ये टॉर्च मारून बघितलं, मेण आणि काजळीचा काळा कडा जमलेला. क्राउन केल्यापासून "बॅरल साफ करायचं नाही" म्हणत चेंबरकडेही दुर्लक्षच झालं होतं, एप्रिलमध्ये वर स्वतःच लिहिलंय. ब्राँझचा ब्रश हाताने फिरवला. पुंगळी ओढून काढणाऱ्या एक्स्ट्रॅक्टरच्या नखाखालचा कचरा टोकदार काडीने काढला. मॅगझिन उघडलं, आतल्या रोटरवर मेणाचा चिकट थर, पुसून कोरडं ठेवलं, तेल नाही, तेलावर परत धूळ बसते. उघडायच्या आधी स्प्रिंग किती वेढे ताणलेलं आहे ते लिहून ठेवा नाहीतर परत जोडताना कमी ताण बसतो आणि शेवटची गोळी वर येत नाही.

नंतर पन्नास गोळ्यांत एकदाही नाही.

शिशाचं. रेंजवरून आलं की गार पाण्याने आणि साबणाने हात, तोंड, गरम पाणी नको. रेंजचे कपडे वेगळे धुवायचे. रेंजवर डबा उघडून चिवडा खायचा नाही, घरी लहान मूल असेल तर हे अजिबात सोडू नका. फ्रीझरवाल्या प्रकरणानंतर तो कप्पाही धुऊन काढला आणि मेथी टाकून दिली.

२१ जून

क्लबची मॅच. चापाला वजन लावलं, उचललं. रायफलचं वजन झालं. स्कोपवर पट्टी.

झोपून सावकाश ९७, झोपून रॅपिड ९४, बसून सावकाश ९३, बसून रॅपिड ९०, उभं सावकाश ७९, उभं रॅपिड ७६. एकूण ५२९.

झोपून सावकाशला तीन गुण गेले ते वाऱ्याने, तळ्याकडून झुळूक यायची आणि मी झेंड्याकडे बघायचं विसरायचे. उभ्याने ४५ गेले. बॅरल, क्राउन, बेडिंग, काहीही ते ४५ परत देणार नाही. शेजारी एक पंधरा वर्षांचा मुलगा जवळजवळ न बदललेली १०/२२ घेऊन आला होता, ट्रिगर सोडून सगळं कारखान्याचं, तो ५५१.

२४ जून

हिशोब, कोणी विचारलं तर. रायफल २२०, स्कोप १६०, बेस आणि रिंग ५०, टॉर्क ड्रायव्हर ६०, मॅचला न चालणारं ट्रिगर युनिट ८०, हॅमर ४०, पिन ७, क्राउन ६५, इपॉक्सी २०, स्लिंग २०. सातशे बावीस. गोळ्या वेगळ्या, त्यांचा आकडा घरी सांगितलेला नाही. परत करायचं तर ट्रिगर युनिट घेणार नाही आणि वापरलेली रायफल घेताना दुकानातच कानाची काडी बॅरलच्या तोंडावरून फिरवून बघेन.

राहिलेलं. पावसाळी दमट हवेत लाकूड फुगतं तसा मेन स्क्रूचा टॉर्क बदलतो, तो दर मॅचच्या आदल्या दिवशी १५ ला आणायचा. स्टॉकच्या आतल्या उघड्या लाकडाला वार्निश. उभ्यासाठी रोज संध्याकाळी ड्राय फायर, रिकामी रायफल, गोळ्या तळघरातल्या कपाटात बंद. रुगरने या मॉडेलला ड्राय फायर चालतं म्हणून मॅन्युअलमध्ये दिलंय, पण इतर टूटू रायफलींना बऱ्याचदा चालत नाही, फायरिंग पिन चेंबरच्या कडेवर आदळते, आपापलं मॅन्युअल बघा. पुढची क्लब मॅच जुलैच्या पहिल्या आठवड्यात, तोपर्यंत रायफलीला हात लावणार नाही, फक्त चेंबर पुसणार.